'तसं काही नाही ना?' असं विचारू नका

पत्राचा सारांश: निफाड तालुक्यातल्या एका उपकेंद्रावर समुदाय आरोग्य अधिकारी (सीएचओ) असलेल्या वाचक भगिनीचं हे पत्र आहे. वय एकोणतीस, नोकरीला तीन वर्षं. रक्तदाबाच्या गोळ्यांसाठी त्यांच्याकडे नियमित येणारे एक द्राक्षबागायतदार काका आहेत. पन्नाशी उलटलेली, माळकरी, गावच्या दिंडीत पुढे असणारे. गेल्या दोन महिन्यांत काका चार वेळा येऊन गेले: झोप नाही, छातीत धडधड, जेवण जात नाही. व्यापाऱ्याने माल उचलून पैसे बुडवले, उरलेली बाग अवकाळीने गेली. ताईंनी नैराश्याची नऊ प्रश्नांची प्रश्नावली भरून घेतली. मरणाच्या विचारांबद्दलच्या नवव्या प्रश्नाला काका 'छे छे' म्हणाले, म्हणून नोंदवहीत 'धोका कमी' असं लिहिलं. परवा काका आले ते हसतमुख. झोप लागते म्हणाले. जाताना रक्तदाबाची फाईल टेबलावर ठेवून म्हणाले, "ही आता तुमच्यापाशीच राहू द्या मॅडम, मला नाही लागायची. आणि घरी काही बोलू नका." संध्याकाळी गावच्या आशा सेविकेकडून, आशाताईंकडून, कळलं की काकांनी आपले टाळ देवळात देऊन टाकले. ताई विचारतात: "मी उगाच घाबरते आहे का? उघड विचारलं तर नसलेला विचार त्यांच्या डोक्यात घातल्यासारखं होईल का? घरी सांगितलं तर विश्वास मोडेल. मी काही मानसोपचारतज्ज्ञ नाही. मी नक्की काय करायचं?"

ताई,

हे सदर आठवड्यातून एकदा निघतं आणि तुमचं पत्र आठवडाभर थांबण्याजोगं नव्हतं. म्हणून ज्या दुपारी ते वाचलं त्याच दुपारी संपादकांकडून तुमचा नंबर मागून घेतला आणि आपण बोललो. संध्याकाळी तुम्ही काकांच्या घरी गेलात. काका सुखरूप आहेत, उपचार सुरू आहेत. त्यापलीकडचं जे काही आहे ते त्यांचं आणि त्यांच्या घरचं. ओळख पटेल असे तपशील तुमच्याशी बोलूनच बदलले आहेत. तरी हे उत्तर छापायला देते आहे, कारण अशी पत्रं मला सारखी येतात. कधी एखाद्या परिचारिकेचं, कधी सातपूरच्या कारखान्यातल्या सुपरवायझरचं, कधी गंगापूर रोडवर क्लास घेणाऱ्या सरांचं. त्या सगळ्यांना आधीच सांगून ठेवते. माणूस समोर आहे आणि पोटात गोळा आला आहे, अशा वेळी सदराला पत्र लिहीत बसू नका. १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक आहे. ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, चोवीस तास, फुकट, आणि मराठीत बोलता येतं. स्वतःसाठी करा, दुसऱ्याच्या काळजीने करा, दोन्ही चालतं. जीव त्या क्षणी धोक्यात असेल तर १०८.

आता तुमच्या पत्रातल्या एका वाक्यापाशी थांबते. तुम्ही लिहिलंय की नववा प्रश्न वाचताना तुम्हालाच कसंतरी झालं, म्हणून तुम्ही तो बदलून विचारलात, "तसं काही नाही ना काका?" शेजारी काकू बसल्या होत्या आणि दाराबाहेर लसीकरणाची रांग होती.

त्या प्रश्नातला 'ना' बघा. मराठीत प्रश्नाच्या शेवटी 'ना' आला की उत्तर आपणच समोरच्याच्या तोंडात घातलेलं असतं. "जेवून आलात ना?" म्हटलं की उपाशी पाहुणाही हो म्हणतो. "राग नाही ना आला?" म्हटलं की रागावलेला माणूससुद्धा छे म्हणतो. काकांनी तुमची सोय पाहिली आणि शेजारी बसलेल्या काकूंचीही. नवव्या प्रश्नाला पडलेला तो शून्य गुण काकांचा नव्हता, आपल्या प्रश्नाचा होता.

हे मी पुस्तकातून शिकले नाही. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात एका रुग्णालयात बाळंतपणानंतर खचलेली एक बाई माझ्या वॉर्डात होती. रोज राउंडला मी विचारायची, "वेडंवाकडं काही मनात येत नाही ना?" ती मान हलवायची. मी केसपेपरवर एक ओळ लिहून पुढच्या खाटेकडे वळायची. चौथ्या दिवशी वॉर्डातल्या मावशी, हातातला झाडू तसाच, माझ्यामागे आल्या. "मॅडम, सात नंबरवर लक्ष ठेवा. ती मला विचारत होती, माझं बाळ तुमची सून सांभाळेल का." ती बाई वाचली. बरी होऊन घरी निघाली तेव्हा मी तिला विचारलं, मला का नाही सांगितलंस? ती म्हणाली, "तुम्हाला नाहीच ऐकायचं होतं, म्हणून नाही म्हटलं."

तीस वर्षं होऊन गेली. तेव्हापासून 'ना' लावून प्रश्न विचारलेला नाही, आणि मावशी लोकांशी बोलल्याशिवाय वॉर्ड सोडलेला नाही. तुमच्या आशाताई म्हणजे तुमच्या मावशी. टाळांची बातमी त्यांनी आणली, हे विसरू नका.

विचारल्याने विचार डोक्यात शिरतो ही भीती फार जुनी आहे आणि डॉक्टरांमध्येही आहे. यावर बऱ्याच देशांत अभ्यास झाले आहेत. शाळकरी मुलांपासून मानसोपचार घेणाऱ्या रुग्णांपर्यंत सगळ्यांना थेट विचारून पाहिलं गेलं आहे. विचारल्यामुळे आत्महत्येचे विचार वाढल्याचं आढळलं नाही. बऱ्याच जणांना उलट हलकं वाटलं. आणि जरा साध्या समजुतीने बघा. ज्याच्या मनात हे नाही तो म्हणेल, "काय मॅडम, काहीतरीच!" ज्याच्या मनात आहे त्याच्या मनात ते तुमच्या आधीपासून आहे. तो एकटाच ते घेऊन हिंडतो आहे.

मग विचारायचं कसं? आधी जागा. घरच्यांना दोन मिनिटं बाहेर बसवायचं, दार लोटायचं, ऑनलाइन नोंदीचा टॅब पालथा ठेवायचा. मग एकदम टोकाच्या प्रश्नावर जायचं नाही, पायरी पायरीने जायचं. मी साधारण असं विचारते:

"काका, एवढं सगळं एकदम अंगावर आलं की काही जणांना वाटतं, रात्री झोपलो ते सकाळी उठूच नये. तुम्हाला वाटतं का तसं?"

हो म्हणाले, किंवा नुसते गप्प राहिले, तर पुढची पायरी. "जीव द्यावा असा विचार आलाय का मनात?" इथे 'जीव द्यावा' हेच शब्द. 'काही बरंवाईट', 'तसलं काही' असे आडपडदे घातले की समोरचाही आडपडद्यानेच उत्तर देतो. मग कसं करायचं याचा विचार झालाय का. मग तसं करायचंच असं ठरवलंय का, कधी, त्यासाठी काही जमवाजमव केली आहे का. आणि शेवटी, आधी कधी तसा प्रयत्न केला होता का, किंवा करता करता थांबलात का. कोलंबिया विद्यापीठात तयार झालेली सहा प्रश्नांची जी पद्धत जगभर वापरली जाते, ती याच क्रमाने जाते, आणि ती वापरायला मानसोपचारतज्ज्ञ असावं लागत नाही. त्यातला एक बारकावा लक्षात ठेवा. वरच्या पायऱ्यांवर 'नाही' आलं तरी शेवटचा, आधीच्या प्रयत्नाचा प्रश्न सोडायचा नाही. पूर्वी प्रयत्न केलेल्या माणसाचा धोका इतरांपेक्षा बराच जास्त असतो, आणि 'मागच्या साली एकदा...' हे वाक्य लोक विचारल्याशिवाय काढत नाहीत.

माझा स्वतःचा एक प्रश्न मी यात घालते: "मग थांबलात कशामुळे?" उत्तरात नातीचं नाव येतं, म्हातारी आई येते, कधी गाय येते. ते जसंच्या तसं लिहून ठेवायचं.

उत्तर आल्यावर तुमच्या चेहऱ्यावर काय उमटतं, हे समोरचा बघत असतो. "असं बोलू नये काका, मुलाबाळांचा विचार करा" हे वाक्य जिभेवर येईल. गिळून टाका. मुलाबाळांचा विचार करूनच तर ते इथवर आलेले असतात: मी नसलो की यांचं ओझं कमी होईल. "सांगितलंत ते बरं केलंत. किती दिवसांपासून आहे हे?" एवढं पुरतं.

आता खुणांकडे येते. आपल्या भाषेची इथे एक अडचण आहे. मराठी माणूस उठता बसता मरणाच्या गोष्टी बोलतो. "मेलं ते गुडघ्याचं दुखणं." "देवाने न्यावं एकदाचं." "आमचं काय, पिकलं पान." पंचवटीत कुठल्याही ओट्यावर दहा मिनिटं बसा, चार आज्ज्या वरचं बोलावणं येत नाही म्हणून तक्रार करतील आणि पाचवी त्यांना चहा आणेल. या प्रत्येकीला दवाखान्यात न्यायचं का? नाही. मी कान लावते तो बदलाला. जी कधी असं बोलत नव्हती ती बोलायला लागली. जो रोज शिव्या घालत कुरकुरायचा तो एकाएकी गप्प झाला. "मला न्यावं" याच्या जागी "मी नसलो की तुमचं भागेल" आलं. बोलण्यात विम्याच्या पैशांचा, सातबाऱ्यावरच्या नावांचा, "मोटर अशी चालू करायची, बघून ठेव" असल्या शिकवणीचा विषय यायला लागला. जुन्या लोकांच्या उधाऱ्या कारण नसताना चुकत्या व्हायला लागल्या. पारावर येणं बंद. दारू नव्याने सुरू झाली किंवा दुप्पट झाली. झोप गेली, आणि ती पहाटे तीनला जाते. त्या वेळी एकटा जागा असलेल्या माणसाला दिवसा दिसतं त्याहून सगळं काळं दिसतं.

गावाकडे मन दुखतंय असं कुणी येऊन सांगत नाही. अंग मोडून येतं, डोकं जड, गॅस झालाय, छातीत धडधडतंय, अशीच तक्रार येते. तुमचे काका दोन महिन्यांत चार वेळा आले. रक्तदाबाची गोळी महिन्याला एकदा न्यायला येणारा माणूस चार वेळा का येतो, हा प्रश्न प्रश्नावलीत नसतो.

फाईल, टाळ आणि हसू या तिघांपैकी मला सर्वात जास्त भीती हसण्याची वाटली. दोन महिने खचलेला माणूस, ज्याचे पैसे परत आले नाहीत, ज्याचा उपचार सुरू झाला नाही, तो एका आठवड्यात हलका कसा होतो? कधी कधी खरंच बरं वाटलेलं असतं: मुलाचा फोन आला, बँकेने मुदत वाढवून दिली, रात्रीची झोप लागली. तेव्हा सरळ विचारायचं, "काका, छान दिसताय. काय झालं असं?" खऱ्या सुधारणेला बहुतेक वेळा काहीतरी कारण सापडतं. कारण सापडत नसेल, "काही नाही, सगळं मिटलं आता" असं उत्तर येत असेल, तर तो हलकेपणा निर्णय झाल्याचा असू शकतो. त्या दिवशी त्या माणसाला 'पुढच्या महिन्यात या' म्हणून पाठवायचं नाही.

"माळकरी माणूस असं करणार नाही" असंही तुम्ही लिहिलंय. श्रद्धा, दिंडीतली माणसं, रोजचा हरिपाठ यांचा आधार असतो, मोठा असतो. पण म्हणूनच ज्या माणसाने टाळ देऊन टाकले त्याच्याबद्दल जास्त काळजी वाटायला हवी. आधार नुसता 'आहे' असं नोंदवून भागत नाही, तो अजून हातात आहे की सुटला, हे बघावं लागतं.

तसंच कर्जाचं. व्यापारी पळाला, अवकाळी आला, म्हणून हे झालं, असं सगळं गाव म्हणतं आणि वर्तमानपत्रंही तसंच छापतात. त्याच व्यापाऱ्याने त्याच गावातल्या आणखी कितीतरी जणांचे पैसे बुडवले असतील. एकाच घटनेने माणूस तिथवर जात नाही. महिनोन् महिने न लागलेली झोप, उपचार न झालेलं नैराश्य, दारू, जुनं दुखणं, लेकीच्या लग्नाची लाज, कुणाशी बोलायची सोय नसणं, हे एकात एक गुंतत जातं. कर्ज तुमच्या हातात नाही. झोप, दारू, नैराश्य आणि बोलायची सोय यांतलं बरंच काही तुमच्या हातात आहे.

आता त्या 'धोका कमी' या दोन शब्दांबद्दल. तुम्ही स्वतःला त्यावरून खूप बोलून घेतलं आहे, म्हणून सांगते, हा अंदाज बांधायला आम्हा तज्ज्ञांनाही जमत नाही. २०१७ मध्ये पन्नास वर्षांतल्या ३६५ अभ्यासांचा एकत्र आढावा प्रसिद्ध झाला. कोणती लक्षणं, कोणती पार्श्वभूमी पाहून पुढे कोण आत्महत्येकडे जाईल हे सांगता येतं का, असा प्रश्न होता. उत्तर असं आलं की आमचे अंदाज नाणं उडवण्यापेक्षा जेमतेमच बरे आहेत. त्यामुळे ब्रिटनमधल्या नाइस या, उपचारांच्या मार्गदर्शक सूचना काढणाऱ्या संस्थेने २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट सांगितलं: गुणांची बेरीज करून पुढचं भाकीत करू नका, आणि कमी, मध्यम, जास्त असे शिक्के मारून कुणाला उपचार द्यायचे ते ठरवू नका. वरची प्रश्नांची शिडी मी सांगितली ती बोलणं कुठून कुठे न्यायचं यासाठी. बेरजेसाठी नाही.

शिक्क्याचा तोटा असा की तो मारला की आपलं बघणं थांबतं. मंगळवारी 'कमी' लिहिलं, शुक्रवारी बँकेचा माणूस दारात आला, तर मंगळवारचा शिक्का काय कामाचा? त्याऐवजी चार ओळी लिहा. आज काय म्हणाले, त्यांच्याच शब्दांत. कशाने हे वाढेल: लिलावाची नोटीस, भावकीतलं भांडण, दारू. कशाने थांबतात: नात, आई, अमुक मित्र. आणि आज आपण काय ठरवलं, पुढची भेट कधी. तुमच्या जागी उद्या दुसरी सीएचओ आली तरी तिला या चार ओळींवरून काम करता येईल. 'धोका कमी' वरून येणार नाही.

समजा उत्तर 'हो' आलं. विचार आहेत, पण कसं, कधी असं काही ठरलेलं नाही, तर त्याच आठवड्यात मानसोपचारतज्ज्ञांची भेट, आणि मधल्या काळात तुमचा एक दिवसाआड फोन. कसं करायचं ते ठरलंय, तारीख डोक्यात आहे, आवराआवर झाली आहे, तर त्या माणसाला एकटं सोडायचं नाही. शौचालयाला गेला तरी कुणीतरी बाहेर उभं राहायचं. वैद्यकीय अधिकाऱ्यांना फोन, घरच्यांना बोलावणं, आणि त्याच दिवशी मानसोपचार विभाग असलेल्या रुग्णालयात. चिठ्ठी लिहून 'नाशिकला दाखवून घ्या' म्हणणं म्हणजे पाठवणं नाही. निफाडहून नाशिक तास-दीड तासाचं, एसटी धरायची, केसपेपरच्या रांगेत उभं राहायचं, आणि मनातून मेलेल्या माणसाने हे सगळं एकट्याने करायचं? कुणी सोबत जाणार, कोणत्या डॉक्टरांना भेटणार, किती वाजता, हे ठरवून द्या. संध्याकाळी पोचले का याचा फोन करा.

आपल्या द्राक्षपट्ट्यात एक प्रश्न मात्र कुणालाही, कुठल्याही पायरीवर असला तरी विचारायचाच. इथे 'औषध' या शब्दाला दोन अर्थ आहेत. "घरात औषधं कुठं असतात?" विचारलं की काका गोळ्यांचा डबा दाखवतील. फवारणीची कुठे असतात, हे वेगळं विचारावं लागतं. ती राहत्या घरात, पलंगाखाली, मोरीच्या कोनाड्यात नकोत. भावाच्या किंवा मित्राच्या मळ्यातल्या खोलीत कुलपात, किल्ली दुसऱ्याकडे, आणि फवारणीच्या दिवशी लागेल तेवढंच बाहेर. तुमच्याकडच्या गोळ्याही महिन्याच्या एकदम देऊ नका, आठवड्याच्या द्या. त्या निमित्ताने भेटही होते. "ज्याला करायचंच आहे तो काहीतरी शोधेलच" असं लोक म्हणतात, आणि ते बहुतेक वेळा खरं नसतं. जीव नकोसा होण्याची ती लाट उंच असते पण टिकते थोडा वेळ. तेवढ्या वेळात हाताशी काय आहे, यावर फार अवलंबून असतं. श्रीलंकेत १९९५ च्या सुमारास आत्महत्येचं प्रमाण जगात सर्वाधिक असलेल्या देशांच्या पंक्तीत होतं. अतिविषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी आली आणि पुढच्या दोन दशकांत ते जवळजवळ ७० टक्क्यांनी उतरलं. शेतीचं उत्पादन त्यामुळे घटलं नाही. तमिळनाडूत काही गावांमध्ये शेतकऱ्यांना कीटकनाशकं ठेवायला गावातच कुलपाचे सामायिक कप्पे देऊन पाहिले. प्रयोग लहान होता, पण शेतकऱ्यांनी तो मानला. आपल्या एखाद्या ग्रामपंचायतीने किंवा सोसायटीने हे करून बघावं असं मला फार दिवस वाटतं आहे. सांगून ठेवते, कुणी वाचत असेल तर.

लाट ओसरेपर्यंत काय करायचं याचा एक कागद काकांसोबत बसून लिहा, त्यांच्या अक्षरात. स्टॅन्ली आणि ब्राउन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी ही पद्धत बसवली आहे. सुरुवात होते तेव्हा मला आधी काय जाणवतं. तेव्हा मी एकट्याने काय करू शकतो: मळ्यात चक्कर, हरिपाठ, रेडिओ. कुठे जाऊन बसू शकतो, कुणाशी अवांतर बोलू शकतो. कुणाला खरं सांगू शकतो. कुठल्या डॉक्टरांना, कुठल्या नंबरला फोन करायचा. आणि घरातून काय दूर ठेवलं आहे. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, हा कागद आणि नंतरचे पाठपुराव्याचे फोन मिळालेल्यांमध्ये पुढच्या सहा महिन्यांत आत्महत्येचे प्रयत्न आणि तसं वर्तन जवळपास निम्म्यावर आलेलं दिसलं. 'मी जीव देणार नाही' असं वचन लिहून घेण्याची आपल्याकडे सवय आहे, त्याने मात्र काही साधत नाही. शपथ मोडण्याचं आणखी एक ओझं तेवढं वाढतं.

राहिला शब्द. "घरी बोलू नका" म्हणाल्यावर तुम्ही मान हलवलीत. पुढच्या वेळी मान हलवण्याआधी म्हणा, "काका, तुमचं बोलणं गावभर होणार नाही. पण जिवाचा प्रश्न आला तर मी गप्प बसणार नाही, आणि तेव्हा कुणाला काय सांगायचं ते आपण दोघं मिळून ठरवू." मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ रुग्णाची गोपनीयता जपतो, पण जिवाला धोका असेल तर गरजेपुरती माहिती देण्याची मुभा ठेवतो. गरजेपुरती म्हणजे काकूंना किंवा भावाला हे सांगायचं की त्यांना एकटं सोडू नका आणि फवारणीची औषधं हलवा. व्यापाऱ्याचं, कर्जाचं, कुणाबद्दल काय बोलले, ते सांगायची गरज नाही. काकूंनाच सांगायचं असंही नाही. कुणावर त्यांचा भरवसा आहे ते त्यांनाच विचारा. बरेचदा मेहुणा निघतो.

आणि पोलिसांची भीती. प्रयत्न केलेल्या माणसाला घेऊन रुग्णालयात जायला लोक अजूनही उशीर करतात, केस होईल म्हणून. रुग्णालयात नोंद होते, जबाब घेतला जातो, हे खरं. पण त्याच कायद्याच्या कलम ११५ ने असा माणूस तीव्र ताणाखाली होता असं गृहीत धरलं आहे, आणि त्याची काळजी घेणं हे सरकारचं कर्तव्य ठरवलं आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तर जुन्या दंड संहितेतल्या, आत्महत्येच्या प्रयत्नाला शिक्षा सांगणाऱ्या कलम ३०९ सारखं सरसकट शिक्षेचं कलमच ठेवलेलं नाही. सरकारी नोकराला त्याच्या कामापासून अडवण्यासाठी कुणी असा प्रयत्न केला तरच गुन्हा. हे तुमच्या आशाताईंना सांगा, त्या गावात पोचवतील.

"मी काही मानसोपचारतज्ज्ञ नाही" या तुमच्या वाक्याला उत्तर द्यायचं राहिलं. नाही आहात. निदान आणि औषधयोजना तुमचं काम नाही. पण २००२ नंतर जागतिक आरोग्य संघटनेने पाच देशांत एक अभ्यास केला, त्यात आपलं चेन्नईही होतं. आत्महत्येचा प्रयत्न करून रुग्णालयात आलेल्या लोकांपैकी काहींना तासाभराची माहिती दिली आणि पुढच्या दीड वर्षात नऊ वेळा फोनवर किंवा घरी जाऊन फक्त विचारपूस केली: कसे आहात, काही मदत हवी का. बाकीच्यांना नेहमीचे उपचार. दीड वर्षाने, विचारपूस झालेल्यांमध्ये आत्महत्येने झालेले मृत्यू कितीतरी कमी होते. ती नऊ वेळची विचारपूस करायला माझी पदवी लागत नाही. मी नाशिकमध्ये बसून ती करूही शकत नाही. तुमच्या उपकेंद्रापासून काकांचं घर पायी जाण्याच्या अंतरावर आहे.

काका रुग्णालयातून घरी येतील तेव्हा सगळ्यांना हुश्श वाटेल. घरी आल्यानंतरचे पहिले काही आठवडे सर्वात नाजूक असतात, तेव्हा तुमची पहिली चक्कर त्याच आठवड्यात असू द्या. तुम्हाला स्वतःला रात्री झोप लागत नाही असं तुम्ही फोनवर म्हणालात, त्याकडेही कानाडोळा करू नका. वर दिलेला नंबर तुमच्यासाठीही आहे, आणि तुमच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना हे एकटीने पेलवत नाही असं सांगण्यात कमीपणा नाही. कधी सगळं नीट करूनही माणूस हातातून जातो. माझेही गेले आहेत. त्याबद्दल पुन्हा कधीतरी लिहीन, आज नको.

ती फाईल अजून तुमच्या कपाटात आहे म्हणालात. काका घरी आले की ती घेऊन जा. त्यांच्यासमोर उघडा, रक्तदाब मोजून त्यात लिहा, खाली पुढच्या भेटीची तारीख घाला, आणि त्यांच्या हातात परत द्या.